बेबीताईंनी न केलेली सही

अमरावतीत आमच्या कॉलनीच्या वळणावर रोज चारनंतर भाजीबाजार लागतो. बाजार म्हणजे रस्त्याच्या एका कडेला अंथरलेली पोती आणि त्यांवर बसलेल्या वीस-बावीस बाया. बेबीताईंचं पोतं पाचवं. वलगावच्या बाजूला त्यांच्या नवऱ्याकडे, शालिकरामभाऊंकडे, बटईचं वावर आहे, म्हणजे वाट्यानं केलेलं शेत. तिथली भाजी दुपारी मोटरसायकलवर येते आणि संध्याकाळपर्यंत संपते. अकरा वर्षं मी त्यांच्याकडून भाजी घेते आहे. या अकरा वर्षांत त्यांनी मला किडकं वांगं दिलं नाही आणि भावही कधी कमी केला नाही.

"पटत असन तं घ्या, वयनी. नाई तं पुढच्या पोत्यावर पाहा. पण तिची मेथी सकायची हाय, माही दुपारची."

हे त्या पुढच्या पोत्यावरच्या बाईच्या देखत सांगतात. ती बाई हसते, कारण खरं असतं.

बेबीताई सातवीपर्यंत शिकल्या आहेत. रद्दीच्या कागदात सांभार, म्हणजे कोथिंबीर, बांधायच्या आधी त्या कागदावरची बातमी वाचून घेतात, मग बांधतात. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळलं. अंगानं काटक आणि आवाज असा, की बाविसाव्या पोत्यावरचीला हाक मारायला उठावं लागत नाही.

त्यांची मुलगी हर्षा. नऊ वर्षांची, चौथीत. तीन महिन्यांची होती तेव्हापासून या बाजारात आहे. तेव्हा पार्बताबाईंच्या हातगाडीला साडीची झोळी बांधून तिला निजवायचे. पार्बताबाई केळी विकतात, रांगेतल्या सगळ्यांत जुन्या, आणि त्या झोळीचा मान आपला आहे असं त्यांनी तेव्हापासून ठरवून टाकलेलं.

हर्षाला तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही कोडं पडलं असतं. पोरगी एका जागी पाच मिनिटं बसत नाही. डीपीच्या खांबापर्यंत पळत जाईल, तिथून समोरच्या दुकानाच्या पायऱ्या चढून उतरेल, तुम्ही काही विचारलं तर तुमचं वाक्य संपायच्या आत उत्तर देईल आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं असेल. तिच्या दोन्ही चपला एकाच वेळी पायात मी फार थोड्या वेळा पाहिल्या. आणि एवढी पळणारी ही मुलगी अंगानं भरलेली, म्हणजे चांगलीच जाड. शाळेचा स्कर्ट सहावीतल्या मुलीच्या मापाचा लागायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "इतकी उड्या मारते तरी अंग काही उतरत नाही हो." मी गृहविज्ञान शिकलेली. मीही मनात हेच म्हणत होते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात बेबीताईंनी मला एक कागद दाखवला.

"वयनी, चष्मा लावून वाचा जरा. म्या वाचला. पण म्या वाचला थो बरोबर वाचला का, थे पायजे."

शाळेनं दिलेला छापील अर्ज होता. मी, खाली सही करणार, माझ्या पाल्याचं नाव शाळेच्या पटावरून स्वखुशीने काढून घेत आहे, तरी दाखला मिळावा. पाल्याचं नाव आधीच भरलेलं होतं. सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारून दिली होती, बाईला जागा सापडायला त्रास नको म्हणून.

"काय झालं?"

"मोठ्या मॅडम म्हणे, पोरगी बसत नाई, बाकीच्या पोरायले बसू देत नाई. लोकायचे डबे खाते. कवायतीत मागं राहते, पोरं हसतात, इन्स्पेक्शन येऊन राहिलं. म्हणे खेड्यातल्या शायेत घाला, तठी पोरं कमी असतात." मेथीची जुडी त्यांनी दोनदा झटकली. "म्हणे डिसेंबरात पालकसभा हाय, तवालोक सही करून आणा."

"मग?"

"मंग काय. इच्यात असं काय हाय, थे मले पयले समजून घ्याचं हाय. सहीचं मंग पाहू."

वर्गशिक्षिका माधवी मॅडम. वयानं तरुण, एका वर्गात बावन्न मुलं सांभाळून दुपारपर्यंत घसा बसलेला. त्यांनीच व्हरांड्यात गाठून बेबीताईंना हळूच सांगितलं होतं, की मुलांच्या मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. शालिकरामभाऊंनी ते ऐकलं आणि दोन दिवस जेवणाच्या वेळी कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "येड्याच्या डॉक्टरकडे नेली म्हणून गावभर होईन. उद्या लगनात विचारतीन."

"लगन करणारा आला की मी सांगीन त्याले," बेबीताई म्हणाल्या. "तू आतं काहून भेतं?"

शेवटी भाऊ इतकंच म्हणाले, की दाखवायचंच तर अकोल्याला दाखव, अमरावतीत लोकं पाहतात. माझं माहेर अकोल्याचं, आईकडे मला जायचंच होतं, म्हणून एका शुक्रवारी आम्ही तिघी सकाळच्या एसटीनं निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत हर्षानं कंडक्टरला सतरा प्रश्न विचारले. त्यानं बाराची उत्तरं दिली, मग तो पुढे जाऊन ड्रायव्हरजवळ उभा राहिला.

डॉक्टरीणबाईंनी हर्षाला बस म्हटलं नाही, हे मी पहिल्यांदा टिपलं. ती खोलीभर फिरत होती, वजनकाट्यावर दोनदा चढून उतरली, पडद्याची दोरी ओढून पाहिली, आणि बाई तिच्याशी आपल्या बोलत राहिल्या.

"तुला कोणता रंग आवडतो?"

"भेद्र्याचा. पिकलेल्या. थो पंखा काहून बंद हाय?"

भेद्रं म्हणजे टोमॅटो, हे बाईंना माहीत होतं. अर्धा तास असं चाललं. दवाखान्यातून आधीच मागवून माधवी मॅडमनी भरून दिलेले प्रश्नांचे कागद त्यांनी वाचले, बेबीताईंना अगदी लहानपणापासूनचं विचारलं, झोपेचं विचारलं. मग म्हणाल्या, "ही आळशी नाही आणि वाह्यातही नाही. याला एडीएचडी म्हणतात. लक्ष एका ठिकाणी टिकत नाही, आणि मनात आलं की हात थांबत नाही. आपण थांब म्हटलं की आपला हात थांबतो. हिचा हातही ऐकतो, पण उशिरा."

"अन हे अंग?" बेबीताईंनी विचारलं. "दिवसभर पयते थे. पयणारं लेकरू तं वायलं, बारीक असते ना?"

"तसा आपला समज असतो. पोट भरलं हे आपल्याला जेवता जेवता कळतं, कारण थोडं लक्ष तिथं असतं. हिचं लक्ष तिथंही नसतं. भूक लागली की नुसता कंटाळा आलाय, हे तिला पटकन ओळखता येत नाही. समोर खाऊ आला की हात जातो. रात्री झोप नीट नाही, त्याचीही भर पडते. अशा मुलांमध्ये जाडपणा इतरांपेक्षा जास्त दिसतो. सगळ्यांत दिसतो असं नाही, पण जास्त दिसतो."

"म्हंजे दोन्ही एकाच गोठीचं?"

"बऱ्याच अंशी गुंतलेलं आहे एकमेकांत."

बेबीताई म्हणाल्या, "याच्यात दोष कोणाचा, थे सांगा. मले नाई पायजे. शायेत विचारतीन."

"कोणाचाच नाही. काही मुलं अशी जन्मतात."

"बरं. अन बारीक व्हाची गोयी देतात म्हणे इच्यासाठी?" हे शालिकरामभाऊंच्या चुलतभावाचं ज्ञान होतं.

"लक्षासाठी औषध असतं. लागलं तर देऊ, आपण ठरवू. काहींची त्यानं भूक कमी होते, पण बारीक करायला म्हणून ते द्यायचं नसतं. आधी एक काम करा. आठवडाभर ती काय काय खाते, सगळं लिहून आणा. आणि तिला खाण्यावरून बोलू नका. एक शब्दही नाही."

बेबीताईंनी आठवडाभर लिहिलं. रद्दीतल्या कोऱ्या पाठीवर, रेघा मारून. सकाळी चहा आणि पोळी. डब्यात भाजीपोळी. दुपारी वरणभात. रात्री अर्धी भाकर, भाजी. सातही दिवस जवळजवळ सारखेच. तो कागद त्यांनी पोत्यावर माझ्यापुढे धरला.

"पाहा. याच्यानं कोणी जाड होईन का? मी जास्त खातो हिच्याहून."

मी वाचत असतानाच हर्षा पळत आली. एका हातात सोललेलं केळं, दुसऱ्या हातात पानाच्या पुडीत आलूबोंडा. बेबीताईंनी त्या हातांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, परत हातांकडे पाहिलं.

"थांबा, वयनी," त्या म्हणाल्या, आणि कागद माझ्या हातातून काढून घेतला.

त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्या रांगेची रीतच तशी आहे. लेकरू कोणाचंही असो, ते रांगेचं. त्याच्या हातात जे टेकवलं जातं त्याला जेवण कोणी म्हणत नाही, तो खाऊ. तो मोजत नाहीत आणि त्याला नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं तर देणारीचा अपमान. आणि हर्षाच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट मिसळली होती. ती तीन वर्षांची असताना पळता पळता रस्त्यावर गेली होती आणि एक ऑटो तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता. त्या दिवशी रांगेतल्या बायांच्या ध्यानात आलं, की ही पोट्टी खाते तेवढा वेळ बसते. तेव्हापासून कोणी न सांगता ठरूनच गेलं. हर्षा उठली, की जी जवळ असेल ती तिच्या हातात काहीतरी द्यायची. ती बसायची. संपलं की उठायची, मग पुढची द्यायची. सहा वर्षं. मीसुद्धा फाटकात उभी राहून तिला बिस्किटांचे किती पुडे दिले असतील, ते आठवून माझं मला कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी बेबीताईंनी पोतं अंथरायच्या आधी रांगेत उभं राहून सांगितलं, "आज पोट्टीच्या हातात कोणी काई देऊ नका. जे द्याचं असन थे ह्या टोपल्यात टाका."

"काहून, नवस केला का?" कोणीतरी विचारलं.

"हाव. नवसच समजा."

बायांनी टोपली गमतीनं फिरवली. हर्षा उठली की टोपली पुढे जायची, आणि आज हात रिकामे असल्यानं हर्षा सारखीच उठत होती. दिवे लागले तेव्हा टोपलीत नऊ केळी होती, तीन आलूबोंडे, दोन कचोऱ्या, गाठीशेवेच्या चार पुड्या, जिलबी, शेंगदाण्याची चिक्की, कुठल्याशा लग्नातला उरलेला बुंदीचा लाडू, आणि बिस्किटांचे दोन पुडे. पुड्यांपैकी एक माझ्या शेजारणीनं दिलेला. मी त्या दिवशी फाटकात गेलेच नाही.

बेबीताई ती टोपली घेऊन पहिल्या पोत्यापासून शेवटच्या पोत्यापर्यंत चालत गेल्या. प्रत्येकीसमोर थांबल्या. टोपली पुढे धरली.

"म्या तं दोनच केयी देली, बेबे," पार्बताबाई म्हणाल्या.

"सगळ्यायनं थोडंथोडंच देलं, मावशी. हे एका दिवसाचं हाय."

कुणीतरी हळूच म्हणालं, की आमच्या मनात तसं काही नव्हतं. बेबीताई म्हणाल्या, "माह्या मनात तरी कोठी होतं. पण आतं समजलं ना. उद्यापासून हिच्या हातात कोणी काई देणार नाई. ज्याले राग येईन त्याले येऊ द्या."

राग आला. आणि हर्षाचं काय करायचं, हाही प्रश्न होताच. हात रिकामे राहिलेली हर्षा आता रस्त्याकडे पळायची, आणि बेबीताईंचा अर्धा वेळ तिला परत आणण्यात जायचा. मेथीला गिऱ्हाईक उभं, आणि मालकीण डीपीच्या खांबापाशी. तोडगा पोरीनंच काढला. चौथ्या का पाचव्या दिवशी तिनं आईच्या बादलीतला मग उचलला आणि पालकावर पाणी मारलं. मग शेजारच्या पोत्यावरच्या मेथीवर, मग पुढच्या सांभारावर, करत करत रांगेच्या टोकापर्यंत. तिथून परत पहिलीकडे. पाल्याला दर थोड्या वेळानं पाणी लागतंच, आणि उठायचा बायांना कंटाळा. बाया खूश झाल्या. एक दिवस ती असंच पाणी मारत मारत पार्बताबाईंच्या गाडीपर्यंत गेली आणि केळ्यांवरही मग उपडा केला.

"केयाले पाणी मारते का कोणी? येडी कुठची," पार्बताबाई म्हणाल्या.

"मावशी, येडी म्हणाचं नाई." बेबीताई पाचव्या पोत्यावरून म्हणाल्या.

"अवं, मी म्हणतो तं बोलण्यात म्हणतो."

"बोलण्यातही नाई."

पार्बताबाईंनी ओली केळी पदरानं एकेक पुसली. "म्या इले झोई बांधून निजवली. हिचे लंगोट धुतले. आतं माह्या हातचं केयं बी चालत नाई अन माहं बोलणं बी चालत नाई. मी वैरीण झाली." त्या दिवसापासून दोघींचा अबोला. पंधरा फुटांवर बसायच्या आणि निरोप मधल्या बाईमार्फत द्यायच्या. सुट्टे पैसे पाहिजेत तर मधल्या बाईला, पाऊस आला तर मधल्या बाईला. मधली बाई वैतागून गेली.

मी बेबीताईंना म्हटलं, "पार्बताबाईंना समजावून सांगा ना. वाईट वाटलंय त्यांना."

"वाटू द्या, वयनी. मलेबी वाटून राहिलं. पण मी आज नरम पडली तं उद्या केयं येते, परवा आलूबोंडा येते. एक दोर सोडला की सगळं सुटते."

अकोल्याच्या दुसऱ्या फेरीला मी नव्हते. बेबीताई आणि हर्षा दोघीच गेल्या. येताना डॉक्टरीणबाईंचं शाळेसाठी पत्र आणलं आणि औषधाची चिठ्ठी. शालिकरामभाऊंनी औषधाला विरोध केला. बेबीताईंनी त्यांना एवढंच विचारलं, "तुह्या साखरेची गोयी मी बंद करू का?" भाऊ वावरात निघून गेले. गोळीनं दुपारची भूक कमी व्हायची, म्हणून बेबीताई गोळीच्या आधी सकाळीच तिला पोटभर भाकर-वरण देऊ लागल्या. ताट पुढ्यात घेऊन, मोबाइल नाही, टीव्ही नाही. मुलगी मधेच उठली तर उठू द्यायची आणि ताट तिथंच ठेवायचं. "जवा येईन तवा खाईन. ताट कोठी पयून जाते?"

डिसेंबरात पालकसभेचा दिवस आला. बेबीताई आदल्या संध्याकाळी म्हणाल्या, "वयनी, संगं चाला. बोलू नका काई. निसत्या बसा. दोघी जणी असलो की खुर्ची देतात."

खुर्ची खरंच दिली. मोठ्या मॅडम टेबलामागं, बाजूला माधवी मॅडम उभ्या. टेबलावर तोच छापील अर्ज, नवी प्रत. पहिला बेबीताईंनी हरवला असेल, असं शाळेनं गृहीत धरलं होतं. पहिला त्यांच्या पिशवीत होता.

"बसा. हे बघा बेबीताई, मी तुमच्या मुलीच्या भल्याचंच सांगते आहे."

"सांगा जी."

बेबीताईंनी पुढे केलेलं डॉक्टरीणबाईंचं पत्र मोठ्या मॅडमनी वाचलं. चष्मा काढला. "हे डॉक्टर काहीही लिहून देतात हो. माझी तीस वर्षं नोकरी झाली. चंचल मुलं मी खूप पाहिली, ती काटकुळी असतात. तुमची मुलगी एक तर चंचल असेल नाहीतर सुस्त असेल. दोन्ही कसं असेल?"

"मलेबी असंच वाटे, मॅडम. मीबी हेच विचारलं तठी. तुमी दुसऱ्या पानावर वाचा, थे त्यायनं लिवलं हाय. या लेकरायले भूक समजत नाई, पोट भरलेलं समजत नाई, हात थांबत नाई. म्हणून डबे खाते. वंगाय हाय म्हणून नाई खात."

"ते असेल. पण एका वर्गात बावन्न मुलं आहेत. एकीसाठी मी शाळा बदलू?"

"शाया नका बदलू. तिले पुढच्या बाकावर बसवा. मधात मधात उठू द्या. फळा पुसाले लावा, हजेरीचं बुक आणाले लावा. बाजारात मी असंच करून राहिली. बावीस पोत्यायले पाणी मारते थे, एकबी पोतं सोडत नाई."

"आणि डबे?"

"थे एका दिवसात बंद होईन, असं मी खोटं सांगत नाई. खाल्ला तं सांगा, मी त्या लेकराच्या मायले जाऊन भेटतो, दुसऱ्या दिवशी डबा करून आणतो. पण वर्गात तिले हत्ती म्हणतात, थे कोण बंद करन?"

"मुलं आहेत, म्हणतात."

"पोरं नंतर म्हणाले. पयले कवायतीचे सर म्हणाले."

मोठ्या मॅडमनी अर्ज बेबीताईंच्या पुढ्यात सरकवला आणि वर पेन ठेवलं. "वाद वाढवू नका. सही करा, दाखल्यावर मी चांगला शेरा लिहिते. दुसऱ्या शाळेत अडचण येणार नाही."

बेबीताईंनी अर्ज वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, बोट फिरवत, रद्दीतली बातमी वाचावी तसा सावकाश. मग पेन उचलून परत मॅडमच्या बाजूला ठेवलं.

"याच्यात लिवलं हाय, मी माह्या खुशीनं काढून राहिली. माही खुशी नाई. मी सही केली तं थे खोटं होईन."

"अहो, तो नमुना आहे. सगळे तसंच लिहितात."

"सगळे लिवत असतीन. तुमाले काढाचं असन तं तुमी लिवा. आमी या पोरीले काढून राहिलो, कारण थे जाड हाय अन जागेवरून उठते. असं लिवा, शिक्का मारा, खाली तुमची सही करा. मी थो कागद घेऊन जातो, दुसरं काई मागत नाई."

"कुठे घेऊन जाल तो?"

"वाचाले येते त्या सगळ्यायकडे."

कपाट उघडं होतं, त्यात शिक्का दिसत होता. कोणी तिकडे हात नेला नाही. माझ्या तोंडाशी दहा वाक्यं आली होती आणि मी ती गिळून बसले होते, मला तसं सांगितलं होतं म्हणून. शेवटी माधवी मॅडमच बोलल्या, त्या बसलेल्या घशातून. "मॅडम, तसंही आठवीपर्यंत आपल्याला कोणाला काढता येत नाही. पालकांनी स्वतः काढलं तरच."

मोठ्या मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढचा सगळा महिना माधवी मॅडमना मधल्या सुट्टीची ड्यूटी लागणार हे मला तिथंच कळलं. तशी ती लागली.

"ठीक आहे," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "मार्चपर्यंत बघू."

"पाहा. मी रोज येतो."

त्यांनी धमकी दिली नव्हती, वेळ सांगितली होती. दुसऱ्या दिवसापासून सकाळची शाळा भरताना बेबीताई हर्षाला वर्गाच्या दारापर्यंत सोडत, आणि ती बाकावर टेकेपर्यंत दारात उभ्या राहत. आठवडाभरानं मोठ्या मॅडमनी व्हरांड्यात विचारलं, "रोज काय पाहता?"

"बसवलं का, थे पाहतो."

"आणि ती उठली की?"

"उठू दिलं का, थेबी पाहतो."

जानेवारीत हर्षानं एका मुलाचा डबा पुन्हा खाल्ला. बेबीताई त्याच्या घरी गेल्या, दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी मेथीचे पराठे केले. कवायतीच्या सरांनी एकदा पुन्हा तो शब्द उच्चारला. बेबीताई मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. तिथून त्यांनी आपल्या भाजीबाजारातल्या आवाजात विचारलं, "सर, तुमचं नाव काय जी?" सगळ्या मैदानानं वळून पाहिलं. सरांनी नाव सांगितलं नाही, आणि तो शब्दही पुढे ऐकू आला नाही.

पालकसभेच्या त्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. बेबीताईंचं पोतं अंथरलेलं होतं. शालिकरामभाऊंनी आणून टाकलेली भाजी जुड्या बांधून मांडलेली, वर पाणी मारलेलं, आणि पार्बताबाई आपली केळी सोडून तिथं बसल्या होत्या, गिऱ्हाइकाला वांगी मोजून देत. आम्हाला पाहून त्या उठल्या आणि आपल्या गाडीकडे गेल्या. अबोला त्यांनी मोडला नव्हता. थोड्या वेळानं मधल्या बाईला म्हणाल्या, "विचार तिले, काय झालं शायेत."

"सांग मावशीले, सही केली नाई म्हणा."

"बरं केलं म्हणा."

हर्षाला केळं त्या आजही देत नाहीत. येडी मात्र एकदोनदा त्यांच्या तोंडून गेलंच, तेव्हा स्वतःच जीभ चावली.

मार्चमध्ये अकोल्याला वजनकाट्यावर हर्षा डिसेंबरइतकीच भरली, उंची एक बोट वाढली होती. या वयात आकडा खाली आणायची घाई नको, हे असंच चालू द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अभ्यासात ती काही एकदम पुढे गेली नाही. गणितात पास, मराठीत बरी, कवायतीत अजूनही मागे. चपला अजूनही हरवते. शाळेत तिला हजेरीचं बुक पोचवायचं काम मिळालं आहे आणि त्या कामाला ती कोणाला हात लावू देत नाही. जूनमध्ये त्याच शाळेत पाचवीच्या पटावर तिचं नाव लागलं.

परवा संध्याकाळी मी भाजी घेत होते. आमच्या कॉलनीतल्या एक बाई टोमॅटो निवडता निवडता हर्षाकडे पाहून म्हणाल्या, "एवढं अकोला-बिकोला केलं म्हणे, औषधं दिली. पोरगी तर तशीच दिसते हो."

बेबीताईंनी तराजू धरला होता तो खाली ठेवला नाही.

"हाव जी. तशीच हाय. पाचवीत हाय. भेद्रं किती देऊ?"